पाच आठवड्यांचा माल: कसारा लोकलने येणारी शेवळं

वळवाच्या दोन-तीन सरी नीट पडल्या की ठाणे जिल्ह्यातल्या डोंगरउतारांवर पाचोळ्यातून जांभळट, तपकिरी कोंब डोकं वर काढतात. ही शेवळं. सुरणाच्या कुळातलं हे कंदाचं झाड, शास्त्रीय नाव अमोर्फोफॅलस कम्युटॅटस. याचं पान मागाहून येतं, आधी येतो तो फुलोरा. उमलायच्या आत खुडला तर त्याची भाजी होते. उमलला की कुजकट वास सुटतो आणि मग तो कीटकांच्या कामाचा राहतो, माणसांच्या नाही. त्यामुळे एकेका शेवळाला विकण्याजोगं आयुष्य फार थोडं मिळतं, आणि सगळा हंगाम मेअखेर ते जूनअखेर एवढाच, साधारण पाच आठवड्यांचा.

मुंबई, ठाणे, वसई या पट्ट्यात या भाजीची वाट पाहणारी घरं ठरलेली आहेत. सीकेपी, पाठारे प्रभू, पाचकळशी, आगरी, कोळी अशा अनेक घरांत जूनमध्ये एकदा तरी शेवळं झालीच पाहिजेत: कुणाकडे कोलंबी घालून, कुणाकडे खिम्यात, कुणाकडे वालाच्या बिरड्यांबरोबर, कुणाकडे नुसती आमटी. विकणाऱ्या बहुतेक आदिवासी बायका. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली. शेवळांची शेती कुणी करत नाही, बी-बियाणं नाही, खत नाही, भांडवल नाही. गिऱ्हाईक वर्षभर वाट पाहतं. माल दुसरीकडून येण्याची भीती नाही. अर्थशास्त्राच्या कुठल्याही प्राथमिक धड्याप्रमाणे अशा मालाची विकणारी भाव ठरवणारी असायला हवी. ती तशी नाही.

या नोंदीत एकच वाट तपासली आहे: शहापूर तालुक्यातले पाडे, मध्य रेल्वेचा कसारा मार्ग आणि दादर पश्चिमेचा पदपथ. विकणारीच्या हातात थोडं का उरतं, याला "दलाल खातात" हे ठरलेलं उत्तर आहे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. माझ्या मते खरी अडचण वेळेची आहे. शेवळांचा हंगाम खाणाऱ्यांच्या दृष्टीने जिभेचा असतो, विकणारीच्या दृष्टीने घरातल्या धान्याच्या रिकाम्या डब्यांचा. तिच्यासाठी उभ्या केलेल्या जवळजवळ सगळ्या व्यवस्था या दुसऱ्या हंगामाला चुकवून जातात.

माल आणि त्याचा उतारा

शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. भाजी नीट झाली नाही तर जीभ आणि घसा खाजतो, साफ करताना हातही खाजतात. म्हणून हाताला तेल किंवा कोकम लावून बसायचं, बाहेरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि उरलेला कोवळा भाग बारीक चिरायचा. मग आंबट घालून नीट शिजवायचं. आंबट म्हणून चिंच किंवा आमसूल चालतं, पण जुन्या घरांचा आग्रह काकडाचा. काकड हा जंगलातला पानझडी वृक्ष, गारूगा पिन्नाटा. त्याची आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं नेमकी याच दिवसांत मिळतात. ती ठेचून, बिया काढून, त्यांचं पाणी भाजीत जातं.

बाजारात म्हणून शेवळांची जुडी एकटी येत नाही. जुडीबरोबर काकडं येतात. "मावशी, खाजणार नाहीत ना?" हा दर तिसऱ्या गिऱ्हाइकाचा प्रश्न, आणि त्यावर "काकडं घाल ना ताई, मग काय नाय होत" हे उत्तर. विक्रीत भाजीइतकंच हे उत्तर विकलं जातं. नवीन गिऱ्हाइकाला पिवळा भाग कुठला, किती टाकायचा, हे जुडी सोलून दाखवणारी बाई मोठ्या भाजीवाल्याच्या गाळ्यावर मिळत नाही. आणि हे शिकवण्याची वेगळी किंमत कुणी देत नाही.

एक गोष्ट इथे सहज नजरेतून सुटते. शेवळं जमिनीवर, काकडं झाडावर. एकाच फेरीत दोन्ही मिळतीलच असं नाही. त्यामुळे एका पाटीमागे बहुधा घरातली दोन माणसं राबतात, एक वाकून खुडणारं आणि एक झाडावर चढणारं. गिऱ्हाइकाच्या लेखी मात्र काकडं फुकट: "दोन जास्त टाक की, काय जातंय तुझं."

जून महिना

या मालाची किंमत कळायची तर जूनमध्ये पाड्यावर काय चालू असतं ते बघावं लागतं.

कातकरी समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक (दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड). या समाजातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, बहुतेक वेळा उचल घेऊन. पावसाच्या तोंडावर भट्टी बंद होते, हिशेब होतो, त्यातून उचल वळती होते, आणि कुटुंब थोड्याशा पैशांनिशी किंवा नुसतंच पुढच्या वर्षाच्या कर्जानिशी घरी येतं. ज्यांची थोडीफार वरकस (डोंगरउताराची, हलकी) जमीन आहे त्यांचं मागच्या वर्षीचं भात, नाचणी, वरी संपत आलेलं असतं. छपरावर प्लास्टिक टाकायचं असतं, राबात (भाताच्या रोपांच्या वाफ्यात) पेरायला बियाणं हवं असतं, जूनच्या मध्यात शाळा उघडते. रोजगार हमीची कामं पावसात मंदावतात. भाताच्या आवणीची (लावणीची) मजुरी सुरू व्हायला जुलै उजाडतो.

भट्टी संपली आणि आवणी सुरू व्हायची आहे, या मधल्या तीन-चार आठवड्यांत रोख मिळण्याचे मार्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शेवळं नेमकी त्यातच येतात. त्यांच्यामागून कुळी (हिलाच फोडशी म्हणतात), टाकळा, कुरडू, भारंगी, लोत आणि पुढे करटोली. म्हणजे रानभाज्यांचा क्रम हा पाड्यावरच्या तंगीच्या महिन्यांतला रोख पैशाचा क्रम आहे, आणि त्यातला पहिला हप्ता शेवळांचा.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. आदिवासी विकास महामंडळाची खावटी योजना, म्हणजे खाण्यापुरतं कर्ज, या पावसाळी तंगीसाठीच होती. २०२० मध्ये कर्जाऐवजी कुटुंबामागे ४,००० रुपयांचं अनुदान मंजूर झालं, निम्मं रोख आणि निम्मं धान्य-किराण्याच्या रूपात. तंगी ओळखली गेली, पण त्या तंगीत जो माल आपोआप रुजून येतो, त्याच्या बाजाराकडे कुणी तंगीवरचा उपाय म्हणून पाहिलं नाही.

घाईत असलेला विक्रेता भाव ठरवत नाही, हे कुठल्याही बाजाराचं वागणं आहे. तिला आज संध्याकाळी पैसे हवेत, आणि शेवळं उद्या उमलतील. दोन्ही बाजूंनी घड्याळ तिच्यावरच चालतं.

एका पाटीचा हिशेब

खाली धरलेले आकडे हिशेब कळावा एवढ्यापुरतेच आहेत. भाव जागेप्रमाणे आणि आठवड्याप्रमाणे बदलतो, बाजार समितीच्या रोजच्या भावपत्रकात शेवळं शोधायला जाऊ नये.

समजा, दोन माणसांनी दिवसभर फिरून चाळीस जुड्यांचा माल आणि सोबत काकडं आणली. आता दोन वाटा.

पहिली वाट दादरची. पहाटेच्या लोकलने, मालडब्यातून, सुमारे दोन तासांचा प्रवास. पदपथावर बसून चाळीस रुपयांप्रमाणे अठ्ठावीस जुड्या गेल्या: १,१२० रुपये. दुपार होऊ लागली तशा आठ जुड्या पंचवीसने काढल्या: २०० रुपये. चार राहिल्या. एकूण १,३२०. यातून पाड्यापासून स्टेशनपर्यंत जीप-रिक्षाचे जाऊन-येऊन ८०, गाडीचं तिकीट ६०, चहा-वडापाव ५०, आणि बसायच्या जागेपायी कुणाला ना कुणाला द्यावे लागणारे ५०. उरले १,०८०.

दुसरी वाट व्यापाऱ्याची. स्टेशनजवळ किंवा कल्याणला घाऊक घेणाऱ्याला चाळीसच्या चाळीस जुड्या अठरा रुपयांनी दिल्या: ७२०. जीपचे ४० गेले, उरले ६८०. दहाच्या आत घरी.

पहिल्या नजरेला उत्तर सोपं आहे: थेट विक्रीत ४०० रुपये जास्त, दलाल टाळा. पण तिचा दिवस मोजला तर चित्र बदलतं. पहिल्या वाटेत खुडण्याचे दोन आणि विकण्याचा एक, असे तीन रोज गेले; रोजाला ३६० रुपये पडले. दुसऱ्या वाटेत खुडण्याचे दोन आणि विकण्याचा पाव, रोजाला ३०२. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. तिन्ही आकडे एकमेकांच्या आसपासच आहेत. थेट विक्रीत जो जास्तीचा पैसा दिसतो, तो बराचसा तिच्या स्वतःच्या एका दिवसाचीच मजुरी असते. त्यात पोलीस किंवा पालिकेच्या गाडीने एकदा पाटी उचलली तर आठवड्याचा फायदा गेला.

म्हणून व्यापाऱ्याला माल देणारी बाई भोळी नसते. आणि दादरला येणारीही हट्टी नसते. दोघी आपापल्या दिवसाचा भाव लावत असतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिच्या त्या जास्तीच्या दिवसाला पाड्यावर दुसरं गिऱ्हाईक नसतं, तेव्हा ४०० रुपये हे निव्वळ ४०० रुपये. हातातल्या रोखीपुढे रोजाची सरासरी कोण बघणार? राबात पेरणीची घाई सुरू झाली किंवा आवणीला मजूर बोलावू लागले की तोच दिवस महाग होतो आणि व्यापाऱ्याची वाट शहाणपणाची ठरते. एकच बाई एकाच हंगामात दोन्ही वाटा वापरते, आणि दोन्ही वेळा बरोबर असते. "शेतकरी ते ग्राहक थेट" ही घोषणा देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा. थेट विक्री हे एक काम आहे, आणि त्या कामाची मजुरी मालाच्या भावात लपवून दाखवली जाते.

पाऊस हा हिशेब दर वर्षी नव्याने मांडतो. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, २०२५ मध्ये २६ मेला. दोन वर्षांच्या अंतराने बरोबर एक महिन्याचा फरक. पाऊस उशिरा आला तर शेवळं वळवाच्या भरवशावर तुटक-तुटक निघतात आणि पाटी भरत नाही. फार लवकर आला तर शेवळं, पेरणी आणि घर शाकारणं एकाच वेळी अंगावर येतं. मालाला भाव असतो पण खुडायला हात नसतात.

बसायची जागा

दादर पश्चिमेला केशवसुत पुलाच्या आसपास पहाटे भाजीचा घाऊक बाजार भरतो. शेवळांच्या पाट्याही याच भागात उतरत आल्या आहेत, कारण गाडीतून उतरून डोक्यावरचं ओझं फार लांब न्यावं लागत नाही. स्टेशनजवळची जागा हाच या व्यापाराचा पाया.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसू देऊ नये असं बजावलं. गर्दीची बाजू मी नाकारत नाही. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता उभं राहिलेल्या कुणालाही ती नाकारता येणार नाही. पण डोक्यावर पाटी घेऊन उतरणाऱ्या बाईला १५० मीटर म्हणजे गिऱ्हाइकाच्या वाटेवरून बाजूला होणं. शेवळं कुणी शोधत जात नाही. स्टेशनकडे जाता-येता नजरेला पडली की घेतली जातात.

पथविक्रेता कायदा २०१४ मध्ये आला. कागदावर तो चांगला आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, त्यांतल्या एक तृतीयांश बायका. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले, तो "नैसर्गिक बाजार" म्हणून मान्य करण्याचीही सोय त्यात आहे. मुंबईत कायद्यानंतर झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि त्यांतले सुमारे १५ हजार पात्र ठरले. वर्षभर रोज बसणाऱ्यांची ही गत असेल, तर पाच आठवडे येणारीचं काय? सर्वेक्षणाच्या दिवशी जी जागेवर नाही ती मोजली जात नाही.

त्याहून मोठी अडचण कलम ५ मध्ये आहे. परवाना घेताना विक्रेत्याने लिहून द्यायचं की त्याला उपजीविकेचं दुसरं साधन नाही. हंगामी विकणारीला हे लिहून देताच येणार नाही. तिची उपजीविका म्हणजेच दुसरी, तिसरी आणि चौथी साधनं: भट्टी, आवणी, मोळी, शेवळं. पूर्णवेळ फेरीवाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या या ओळीने हंगामी माणूस न सांगता बाहेर काढला, आणि गंमत अशी की सर्वांत कमी दिवस, सर्वांत कमी जागा त्यालाच हवी होती.

गावाकडच्या टोकाला कायदा उलट तिच्या बाजूने आहे. वनहक्क कायदा, २००६ मधलं कलम ३(१)(ग) गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातला माल) गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क देतं. २०१२ च्या सुधारित नियमांनी तो माल वनक्षेत्राबाहेर नेऊन विकणं त्या हक्कातच धरलं, कसलीही रॉयल्टी किंवा शुल्क नको म्हणून सांगितलं आणि वाहतूक परवान्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे दिलं. जंगलातून स्टेशनपर्यंत तिचा माल कायद्याने तिचा आहे. दादरला गाडीतून पाय खाली ठेवला की ती अतिक्रमण ठरते. (ज्या शहापूर तालुक्यातून ती येते, तिथल्याच तानसा आणि भातसा धरणांचं पाणी त्या पदपथाखालच्या नळांतून वाहतं, आणि तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. हे या प्रकरणाचा भाग नाही, पण नोंदल्यावाचून राहवत नाही.)

सरकारी बाजार आणि त्याची तारीख

कृषी विभाग २०२० पासून दर वर्षी ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. मांडणी छान असते, पाककृतींच्या पुस्तिका असतात, शहरातली माणसं कौतुकाने येतात. करटोली, भारंगी, कुरडू, आळू यांचं तिथे चांगलं होतं. शेवळांचा हंगाम मात्र तोवर संपून महिना उलटलेला असतो. शेवळं तिथे असलीच तर फलकावरच्या छायाचित्रात. शिवाय ऑगस्टपर्यंत आवणी होऊन गेलेली असते, हातात थोडी मजुरी आलेली असते. जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या तंगीशी या महोत्सवाचा संबंध उरत नाही. तारीख दिनविशेषावरून ठरली. पावसाला आणि भुकेला विचारून ठरली असती तर दोन महोत्सव झाले असते, एक जूनमध्ये आणि एक ऑगस्टमध्ये.

दुसरी व्यवस्था संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजाराची. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि त्याच वर्षी पणन मंडळामार्फत शहरांत हे आठवडे बाजार वाढवण्याचं अभियान आलं. मुंबई-पुण्यात त्यातले काही उत्तम चालले. पण रचना शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या धरून केलेली: वर्षभर दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, टेम्पो भरून दहा-पंधरा प्रकारची भाजी आणू शकणारे. पाच आठवडे, एकच भाजी, तीही आज मिळेल की नाही याची खात्री नसलेली बाई या साच्यात बसत नाही. तिला वार नसतो. सर पडून दोन दिवस झाले की तिचा बाजार.

तिसरी, वन धन योजना, २०१८ पासूनची: आदिवासींच्या गटांनी वनोपजावर प्रक्रिया करून तो विकावा यासाठी. शहापूरमध्येच कातकरी तरुणांच्या गटाने गुळवेल वाळवून मोठ्या औषध कंपन्यांना विकली. खरोखर उल्लेखनीय काम. पण गुळवेल वाळते, पोत्यात राहते, मागणी आल्यावर पाठवता येते. वनोपजाच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत दिसणारा मालही मध, हिरडा, चिंच, मोहाची फुलं असा टिकाऊच. टिकणाऱ्या मालाला थांबायला गोदाम देता येतं. दोन दिवसांत उमलून जाणाऱ्या मालाला गोदामाचा उपयोग नाही, त्याला जागा आणि गिऱ्हाईक हवं, तेही लगेच.

तिन्ही योजना आपापल्या जागी ठीक आहेत. शेवळांच्या दृष्टीने पहिली उशिरा येते, दुसरी ठरल्या वारी येते आणि तिसरी टिकाऊ मालासाठी येते.

काय जमेल, काय नाही

ॲपवरून आगाऊ मागणी घ्यावी, असं कुणीतरी हमखास सुचवतं. मला हे पटत नाही. आज रात्री पाऊस पडणार की नाही हे माहीत नसताना परवाच्या पंचवीस जुड्यांचं वचन ती कशी देणार? वचन मोडलं की गिऱ्हाईक नाराज, पाळायचं तर कोवळी, अर्धवट शेवळंही खुडावी लागतात. उलट बाजूने मात्र जमू शकतं: गिऱ्हाइकांनी बांधून घ्यायचं, तिने नाही. ठाणे-डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीने "जूनमध्ये जेव्हा जेवढी येतील तेवढी घेऊ, सकाळी आठच्या आत, अमुक भावाने" असं ठरवलं, तर अनिश्चितता तिच्या डोक्यावरून थोडी उतरते. यासाठी एक फोन पुरतो.

दुसरी गोष्ट जागेची आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेवळं खाणारी जुनी घरं गेल्या दोन पिढ्यांत गिरगाव-दादरमधून ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरारकडे सरकली. गिऱ्हाईक विकणारीच्या दिशेने तास-दीड तास जवळ आलं, बाजार अजून दादरलाच जातो. वरच्या हिशेबात दादरऐवजी कल्याण घाला: भाव थोडा कमी धरला तरी जाण्यायेण्याचे दोन तास वाचतात, उरलेला माल दुपारी टाकून देण्याऐवजी सकाळच्या दुसऱ्या फेरीत विकता येतो, आणि विकण्याचा रोज अर्ध्यावर येतो. कल्याण-डोंबिवली, ठाणे आणि बदलापूरच्या पालिकांनी स्टेशनच्या १५० मीटरबाहेर, पण रहदारीच्या वाटेवर, २० मे ते १५ जुलै अशी सकाळी सहा ते दहा एवढीच हंगामी जागा आखून दिली, तर नव्या इमारतीची, शेडची, उद्घाटनाची गरज नाही. नैसर्गिक बाजाराची तरतूद कायद्यात आहेच. नगर पथविक्रेता समितीने शिफारस करायची आहे. कलम ५ च्या हमीपत्राचा प्रश्न व्यक्तीला परवाना देण्याऐवजी जागेला हंगाम देऊन बाजूला ठेवता येईल का, हे पालिकांच्या विधी विभागांनी तपासण्यासारखं आहे.

साफ केलेली शेवळं विकावीत का? मागणी आहे. तरुण घरांत तासभर सोलत बसायला कुणी तयार नाही, आणि शहरातल्या काही गृहिणी साफ करून, तेलात परतून डबे विकतातही. किंमत चांगली मिळते, पण ती मिळते शहरात साफ करणारीला. पाड्यावर साफ करून आणायची तर चिरलेला माल प्रवासात काळा पडतो, आणि अनोळखी हाताने साफ केलेली शेवळं घ्यायला जुनं गिऱ्हाईक बिचकतं, कारण पिवळा भाग राहिला की घसा त्याचा. कल्याणसारख्या ठिकाणी बसल्या जागी, गिऱ्हाइकासमोर सोलून द्यायची आणि सोलण्याचे वेगळे पैसे घ्यायचे, हे जमण्यासारखं आहे. मासळी बाजारात साफ करून देण्याचे पैसे गिऱ्हाईक तक्रार न करता देतंच. मग शिकवणीही त्या पैशांत येते आणि काकडंही फुकट राहत नाहीत.

जंगलाची बाजू

भाव वाढला तर जंगलावर ताण येईल, ही शंका रास्त आहे. शेवळाचा फुलोरा खुडल्याने कंद मरत नाही. मागाहून पान येतं आणि कंदाला पोसतं. पण त्या वर्षी बी धरत नाही. एका पट्ट्यातली सगळीच शेवळं दर वर्षी खुडली तर नवीन झाडं येणार कुठून? आजवर हे आपोआप सांभाळलं गेलं, कारण दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत जी उमलली ती विकण्याच्या कामाची नव्हती आणि जंगलातच राहिली. बाहेरची टोळी टेम्पो घेऊन आली आणि रोज फेऱ्या होऊ लागल्या, तर हा आपोआपपणा संपेल. त्यामुळे धोका भावापेक्षा, खुडणारा कोण यात आहे. पाड्यावरच्या बाईला पुढच्या जूनमध्ये त्याच उतारावर यायचं असतं.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करता येतो. त्यात साग-बांबूबरोबर शेवळांचे पट्टे आणि काकडाची झाडं यायला हवीत: कुठला उतार यंदा न खुडता सोडायचा, काकड कुणी तोडायचा नाही. काकडाला लाकूड म्हणून मोठा भाव नाही, त्यामुळे तो कुणाच्या यादीत नसतो, आणि यादीत नसलेलं झाड सरपणात पहिलं जातं.

घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जुडीच्या बुडाशी माती आणि कंदाचा तुकडा दिसला, तर ते शेवळ खुडलेलं नाही, उपटलेलं आहे. ती जुडी घेऊ नये, आणि का घेत नाही ते तिथेच बोलून दाखवावं. भाव मात्र त्या कारणाने पाडू नये.